मुदतीचे आयुष्य

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आपल्या ताब्यातील भूखंड उद्योजकास विकत नाही. ते तो त्यास ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. महाड औद्योगिक वसाहतीत, बिरवाडीच्या बाजूस पसरलेल्या रंगद्रव्यांच्या, औषधांच्या आणि नाना प्रकारच्या रसायनांच्या कारखान्यांखालची जमीन याच शर्तीवरची आहे. आणि पट्ट्यावर सही करणारा मालक, साक्षीदार म्हणून नाव घालणारा त्याचा कारकून आणि दस्तावर शिक्का उमटविणारा अधिकारी या तिघांपैकी एकजणही त्या मुदतीची अखेर पाहावयास उरणार नाही हे तिघांनाही पक्के ठाऊक असूनही, त्या कागदात काही विपरीत आहे असे त्यांतील कोणास वाटत नाही. कागदाने माणसाहून अधिक जगावे हे व्यवहाराने केव्हाच गृहीत धरलेले आहे.

बायबलातील नव्वदावे स्तोत्र, जे परंपरेने मोशेच्या नावावर लावले जाते, माणसाच्या आयुष्याची मुदत सत्तर वर्षे सांगते आणि शरीरात ताकद असल्यास ऐंशी. आज भारतातील सरासरी आयुर्मान सत्तरीच्या आसपास आले असल्यामुळे हा आकडा आपल्याला साधा, जवळजवळ शासकीय अहवालातला वाटतो. पण विसाव्या शतकाच्या आरंभी, प्लेग आणि दुष्काळ यांच्या तडाख्यात, आपल्याकडील हीच सरासरी पंचवीस वर्षांच्याही आत होती, आणि ज्या प्राचीन समाजात ते स्तोत्र रचले गेले तेथेही सत्तरी गाठणारा मनुष्य विरळाच असला पाहिजे. म्हणजे स्तोत्रकर्त्याने सांगितली ती सरासरी नव्हे, कमाल मर्यादा. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, इतकी अल्प मुदत सांगून झाल्यावर तो ती वाढवून मागत नाही. तो मागतो ते दिवस मोजण्याचे शिक्षण, आणि तेही अशासाठी की त्या मोजणीतून अंतःकरणास शहाणपण यावे.

दिवस मोजणारा एक फलक रासायनिक कारखान्यांच्या दारावरही असतो: शेवटच्या अपघातास इतके दिवस झाले. आकडा रोज एकाने वाढतो, तीन अंकी झाला की व्यवस्थापनास अभिमान वाटू लागतो, आणि एखाद्या दिवशी तो पुसून पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच वसाहतीतील एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार प्राणास मुकले. फलकाची मोजणी मागे पाहून होते, जे टळले त्याची. स्तोत्रातली मोजणी पुढे पाहून करावयाची आहे, जे हातात उरले आहे त्याची, आणि उरले किती हे ठाऊक नसताना. ख्रिस्ती विचारातली आयुष्याच्या अनिश्चिततेची सारी चर्चा या दुसऱ्या मोजणीभोवती फिरते.

नव्या करारातील याकोबाचे पत्र या बाबतीत सर्वांत रोखठोक आहे. आज अथवा उद्या अमुक शहरी जाऊ, तेथे वर्षभर राहू, व्यापार करू, नफा मिळवू असे बेत सांगणाऱ्यांना तो विचारतो की उद्याचे तुम्हांस काय माहीत. तुमचे आयुष्य क्षणभर दिसून विरून जाणाऱ्या वाफेसारखे आहे. हा प्रश्न व्यापाऱ्याला, योजना करणाऱ्याला, पट्ट्यावर सही करणाऱ्याला आहे; शोक करीत बसलेल्या विधवेला नव्हे, हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे. शिवाय याकोब व्यापार सोडा असे म्हणत नाही. तो बेताला एक शर्त जोडावयास सांगतो: प्रभूची इच्छा असेल तर. महाडच्या बाजारपेठेत कोकणी मुसलमान दुकानदार मालाचा वायदा करताना जे ‘इन्शाअल्ला’ म्हणतो आणि पोलादपूरकडचा वारकरी पंढरीला जाण्याचा दिवस सांगताना ‘पांडुरंगाच्या मनात असेल तर’ असे जे सहज बोलून जातो, त्यांत आणि याकोबाच्या शर्तीत शब्दांपलीकडे मोठे अंतर नाही. तिघांचीही अडचण एकच, की शर्त तोंडात रुळली म्हणजे मनातून निघून जाते.

लूकच्या शुभवर्तमानातील सधन शेतकऱ्याची कथा येथे बहुधा सांगितली जाते. पीक भरघोस आले, जुनी कोठारे पाडून मोठी बांधावी आणि मग पुष्कळ वर्षे खावे, प्यावे, आनंदात राहावे असा त्याने बेत केला, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागून घेण्यात आला. प्रवचनकार या कथेतून साठवणुकीची निंदा काढतात. मला ती निंदा तेथे दिसत नाही. तो मनुष्य सारा वेळ स्वतःशीच बोलतो, माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. गडी, शेजारी, गावातला उपाशी माणूस, यांतील एकाचेही नाव त्याच्या हिशेबात नाही. मृत्यूने त्याचा बेत मोडला यापेक्षा, मृत्यू आला नसता तरी तो बेत तेवढाच कोता ठरला असता, हा त्या कथेचा दंश आहे.

परंतु हे सर्व वाचताना महाडचा वाचक जो प्रश्न मनात बाळगून असतो तो निराळाच आहे, आणि तो विचारावयास त्याला पुरेसे कारण आहे. २५ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या महाड तालुक्यातील गावांवर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा, १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला; काळोखात राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या एस.टी.च्या दोन गाड्या आणि एक खासगी वाहन नदीत गेले, आणि काहींचे देह कित्येक मैल खाली खाडीकडे सापडले. २८ जुलै २०१८ रोजी महाबळेश्वरच्या सहलीस निघालेली, दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि तीतून एकच मनुष्य वाचला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील काजळपुरा भागात, बांधून दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत खाली बसली, सोळा जण मेले, आणि एक चार वर्षांचा मुलगा सुमारे एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही तेच घडले. दोन तालुक्यांच्या आणि सोळा वर्षांच्या आत एवढे. याच माणसांच्या वाट्याला हे का, हा तो प्रश्न.

आणि विलक्षण गोष्ट अशी की, हाच प्रश्न जवळजवळ याच स्वरूपात येशूला विचारण्यात आला होता. लूकच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी काही लोक बातमी आणतात की पिलाताने मंदिरात यज्ञ करीत असलेल्या काही गालीली लोकांची कत्तल केली. येशू तिला दुसरी घटना आपण होऊन जोडतो: यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दडपून मेली ती. एक राज्यसत्तेने केलेली हत्या आणि एक बांधकामाचा अपघात. दोन्ही त्या काळच्या लोकांच्या तोंडी असलेल्या वार्ता. मेलेले ते शहरातील इतरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हांस वाटते काय, असे तो विचारतो, आणि उत्तर स्वतःच देतो की नाही. लगेच पुढे तो ऐकणाऱ्यांनाच बजावतो की तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश असाच होईल.

या उत्तराचे दोन भाग आहेत आणि पुष्कळ उपदेशक दुसरा भाग उचलून पहिला विसरतात. पहिल्या भागात मृत्यूवरून निकाल वाचण्यास साफ मनाई आहे. कोणत्या बाकावर कोण बसला, कोणाची गाडी दहा मिनिटे उशिरा निघाल्यामुळे पुलाशी पोहोचलीच नाही, कोणाचे घर दरडीच्या कडेला राहिले, यांतून त्या माणसांच्या पापपुण्याचा काहीही दाखला निघत नाही. उलटही तितकेच खरे आहे: ढिगाऱ्यातून जिवंत निघालेला मुलगा कोणाच्या पुण्याईचा पुरावा नव्हे. दुसऱ्या भागात बोटाची दिशा फिरते. मेलेल्यांविषयी विचारणारा जो मनुष्य काठावर उभा आहे, त्याच्याकडे ते वळते, आणि अनिश्चितता ही मृताच्या चरित्राची टीप न राहता जिवंताला आलेली नोटीस ठरते.

ख्रिस्ती इतिहासाने ही मनाई नेहमी पाळली असे मात्र म्हणता येत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लोक प्रार्थनामंदिरांत जमले असताना लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, आणि त्यानंतर युरोपभर हा ईश्वरी दंड कोणत्या पापाचा यावर प्रवचने आणि पत्रके निघाली. लिस्बनच्या धर्मगुरूंनी एक पाप सांगितले, लंडनच्या धर्मगुरूंनी दुसरे. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर खुद्द महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे शासन असल्याचे म्हटले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यास जाहीर हरकत घेतली. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्या गावच्या माणसाला गांधीजींच्या संतापामागील हेतू लगेच कळेल. पण त्या भूकंपात जे मेले त्यांत अस्पृश्यही होतेच, आणि येथेच तो युक्तिवाद ढासळतो. शिलोहाच्या बुरुजाविषयीचे ते छोटे उत्तर या दोन्ही प्रसंगी कोणाला आठवले असते तर बरे झाले असते.

महाडजवळच गांधारपाले येथे बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत, आणि सर्व संस्कार अनित्य आहेत या जाणिवेवर आधारलेले जीवन तेथे ख्रिस्ती धर्म कोकणात पोहोचण्याच्या कित्येक शतके आधी जगले गेले. क्षणभंगुरतेची जाणीव म्हणून ख्रिस्ती मताची मिरासदारी नव्हे. संतवाङ्मयाने आपल्याला ती दुधाबरोबर पाजलेली आहे. भेद आहे तो त्या जाणिवेचे पुढे काय करावयाचे यात. बौद्ध विचार अनित्यता ओळखून तृष्णेचा निरास करू पाहतो. ख्रिस्ती विचार आयुष्याकडे धन्याने कारभाऱ्याच्या हाती दिलेली ठेव म्हणून पाहतो, जिचा हिशेब द्यावा लागणार आहे आणि मागणीची तारीख कारभाऱ्यास कळविलेली नाही. येशूच्या दाखल्यांत धनी परदेशी जाऊन अवचित परत येणारा असा जो वारंवार भेटतो तो यामुळेच.

शिलोहाच्या उत्तराला लागूनच एक दाखला येतो, तो या दृष्टीने फार बोलका आहे. द्राक्षमळ्यात लावलेल्या अंजिराला तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडावयास सांगतो. माळी विनवितो की या वर्षी राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो, मग पाहू. दाखला येथेच संपतो. झाडाचे पुढे काय झाले ते लूक सांगत नाही. आयुष्याची अनिश्चितता येथे वाढवून मिळालेल्या मुदतीच्या रूपाने दिसते, आणि त्या मुदतीत करावयाचे काम हे भोवती खणण्याचे, खत घालण्याचे, अगदी मातीतले काम आहे. म्हणून सावित्रीचा पूल मे २०१६ मध्ये तपासून वाहतुकीस योग्य ठरविला होता आणि ऑगस्टमध्ये तो गेला, हे वाचल्यावर ‘ईश्वरेच्छा’ म्हणून हात झटकणे हे ख्रिस्ती उत्तर होऊ शकत नाही. बुरूज कोसळण्यात मेलेल्यांचे पाप नव्हते, एवढेच येशूने सांगितले. बुरूज बांधणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि दुरुस्ती लांबणीवर टाकणाऱ्याची जबाबदारी त्याने माफ केलेली नाही. नवा पूल ५ जून २०१७ रोजी, दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर, वाहतुकीस खुला झाला, म्हणजे मनात आणले तर सरकारी कामालाही मुदत पाळता येते.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूर आणि महाड यांच्या बाजूने वाहते आणि बाणकोटला समुद्रास मिळते. आणि कोकणातील ख्रिस्ती माणसांच्या अकाली मृत्यूच्या दोन कथा तिच्या मुखाशी आहेत. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा या प्रांतातील पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ साली आला, त्याने बाणकोटास ठाणे केले, आणि त्याच वर्षी तो मरण पावला. दुसरी कथा मुंबई सरकारच्या नोकरीतील आर्थर मॅलेटची, ज्याचे नाव महाबळेश्वरच्या आर्थर सीटला मिळाले. १८५३ साली बाणकोटच्या मुखाशी नाव बुडून त्याची पत्नी सोफिया आणि काही आठवड्यांची मुलगी, आणि त्यांच्यासोबत नावेवरचे खलाशी, बुडाले. पर्यटकांना वाटाडे सांगतात की मॅलेट त्या कड्यावर बसून खाली सावित्रीकडे पाहत राही. लोकांना अशी जोड आवडते, आणि तो कड्यावर घर बांधून राहिला होता तो त्या दुर्घटनेच्या आधी, या तपशिलाने तिचे आकर्षण कमी होत नाही. खलाशांच्या बायका कोठे बसून कोठे पाहत राहिल्या हे मात्र कोणी वाटाड्या सांगत नाही.

इतरत्रही हीच कहाणी. अमेरिकन मराठी मिशनच्या आद्य मिशनऱ्यांपैकी सॅम्युएल न्यूएलची पत्नी हॅरिएट १८१२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मॉरिशस बेटावर वारली. न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. आणि त्याचा सहकारी गॉर्डन हॉल, नाशिकच्या बाजूने पटकीची साथ चालू असताना औषधे वाटीत परतताना, २० मार्च १८२६ रोजी दोडी दापूर येथे त्याच पटकीने, काही तासांत, एक्केचाळिसाव्या वर्षी मेला.

काही तासांत येणारे मरण आजच्या माणसाला हवेसे वाटते; झोपेत गेला, सुटला, असे आपण म्हणतो. जुन्या ख्रिस्ती माणसाला त्याचेच सर्वांत भय होते. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनाग्रंथातील दीर्घ याचनेत युद्ध आणि खून यांच्या जोडीने आकस्मिक मृत्यूपासून सुटका मागितलेली आहे, आणि पंधराव्या शतकात युरोपात मरण्याची कला शिकविणाऱ्या पुस्तकांचा मोठा खप होता. भय वेदनेचे नव्हते. ज्याचे देणे आहे त्याचे फेडण्याची, ज्याचे मन दुखावले त्याची क्षमा मागण्याची सवड मिळणार नाही, याचे होते. राखेच्या बुधवारी वसईच्या चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस काढून तू माती आहेस आणि मातीस मिळशील याचे स्मरण दिले जाते तेही याच हेतूने. उपवासकाळाचा तो पहिला दिवस असतो आणि पुढचे चाळीस दिवस देणीघेणी मिटविण्यासाठी असतात.

इतक्या अल्प मुदतीत केलेले काम अपुरे राहिले तर त्याचे काय, हा शेवटचा प्रश्न उरतो, आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय मृतांच्या पुनरुत्थानाचा सविस्तर युक्तिवाद करून नेमका त्याच्यावर येऊन थांबतो: प्रभूच्या ठायी तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. एवढ्या उत्तुंग अध्यायानंतर सोळावा सुरू होतो तो यरुशलेमच्या गरजूंसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडी वर्गणी बाजूस काढून ठेवण्याच्या सूचनेने. मृत्यूचा पराभव आणि वर्गणीची वही यांच्यामध्ये पौलाला एका ओळीचेही अंतर ठेवावेसे वाटले नाही, हे मला त्याच्या साऱ्या युक्तिवादाहून अधिक पटते.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ही दोन्ही टोके एकत्र दिसतात. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या भटकंतीत आईवडील गेले, १८८० साली भाऊ गेला, त्याच वर्षी झालेल्या विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, आणि पदरी एक तान्ही मुलगी राहिली. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यानंतर, १८८३ साली. आपल्यावर हे का आले याचे उत्तर शोधत बसण्याऐवजी त्या बाईने केडगावला मुक्तिसदन उभारून दुष्काळात निराधार झालेल्या मुली शेकड्यांनी आणविल्या, आणि बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर आरंभिले. जुलै १९२१ मध्ये मुलगी मनोरमा वारली. रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या; तोवर भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते.

नारायण वामन टिळकांना तेवढी सवड मिळाली नाही. दापोलीकडच्या करजगावात जन्मलेल्या, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि दहा-अकरा अध्याय झाले असता ९ मे १९१९ रोजी मुंबईत तो निवर्तला. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरवलेल्या त्या बाईंनी, आणि तेही ‘स्मृतिचित्रे’ लिहिण्याचे दुसरे मोठे काम अंगावर असताना.